पोरखेळ कोणाचा?

आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींनी तरुणांवर ठेवलेल्या आरोपांच्या यादीत अलीकडे एका नव्या आरोपाची भर पडली आहे. पंचविशी-तिशी ओलांडलेली, कमावती, संसाराला लागलेली मुले रात्री उशिरापर्यंत बसून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या जपानी दूरचित्रमालिका पाहतात. त्या मालिकांत रंगीबेरंगी पोशाख घातलेले, मुखवटे चढवलेले पाच वीर रबराच्या राक्षसांशी झुंजतात. आणि पाहून स्वस्थ बसावे तर तेही नाही, कथानक, पात्रयोजना, शेवट यांवर ही मुले तासन्‌तास वाद घालतात. सुरतेतील मराठी आणि कोकणी घरांतून, देवळाच्या मंडपात, गणेशोत्सवाच्या मेळाव्यात हा विषय निघाला की एकच निर्णय ऐकू येतो : पोरखेळ! आम्हांस हा निर्णय मान्य नाही. किंबहुना, न पाहता, न ऐकता, एका शब्दात निकाल देऊन मोकळे होणे हाच खरा पोरखेळ होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

ज्यांनी या मालिका पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडा वृत्तान्त देणे अवश्य आहे. जपानी दूरचित्रवाणीवर मुखवटाधारी वीर अवतरला तो १९५८ साली, ‘गेक्को कामेन’ म्हणजे ‘चांदण्याचा मुखवटा’ या मालिकेत. पुढे १९७५ च्या एप्रिल महिन्यात तोएई या चित्रसंस्थेने शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराच्या कल्पनेवरून ‘हिमित्सु सेंताई गोरेंजर’ ही मालिका आणली. ‘सेंताई’ म्हणजे लढवय्यांची तुकडी. तांबडा, निळा, पिवळा, गुलाबी आणि हिरवा अशा पाच रंगांचे पाच वीर, प्रत्येकाचा स्वभाव निराळा, शस्त्र निराळे, पण शेवटचा घाव मात्र पाचांनी मिळून घालायचा, हा त्या मालिकेचा सांगाडा. तिचे ८४ भाग झाले. १९७९ च्या ‘बॅटल फीव्हर’मध्ये वीरांच्या दिमतीला राक्षसाएवढाच प्रचंड यंत्रमानव आला, आणि मग सांगाडा पुरा झाला. तेव्हापासून वर्षाला एक अशा नव्या तुकड्या येत गेल्या आणि जपानातील दोन पिढ्या त्यांच्यावर वाढल्या.

आपल्याकडे हा प्रकार टप्प्याटप्प्याने आला. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनने ‘जायंट रोबोट’ ही मालिका दाखवली. ती मुळात १९६७-६८ सालची, अवघ्या २६ भागांची. मनगटावरच्या घड्याळातून हुकूम सोडणारा मुलगा आणि त्याचे ऐकणारा पोलादी महाकाय सेवक ही जोडी त्या काळच्या मुलांच्या मनात घर करून राहिली. पुढे उपग्रह वाहिन्यांवर ‘पॉवर रेंजर्स’ आली, आणि हिंदी बोलू लागली. या मालिकेतील मुखवट्याआडच्या लढाया जपानी ‘सेंताई’ मालिकांतून उचललेल्या, आणि मुखवटा काढल्यावरची माणसे मात्र अमेरिकेने नव्याने चित्रित केलेली, ही गोष्ट त्या वेळी घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ज्यांनी ती लहानपणी पाहिली ती मुले आज मोठी झाली आहेत. आपण पाहिले ते अर्धेच होते हे कळल्यावर ती मूळ जपानी मालिका शोधून, चित्राखालच्या इंग्रजी ओळी वाचत, पुन्हा पाहू लागली आहेत. अर्धी पोथी हाती लागल्यावर उरलेली पाने शोधणाऱ्याला आपण जिज्ञासू म्हणतो. मग यांनाच पोरकट का म्हणावे?

आता आरोप एकेक घेऊ. पहिला आरोप असा की हे सारे परके आहे, आपल्या देवाधर्माशी याचा सुतराम संबंध नाही, आणि असल्या गोष्टींनी मुलांचे मन घरापासून दूर जाते. हा आरोप करणाऱ्यांनी ‘रेनबोमॅन’ या १९७२-७३ सालच्या जपानी मालिकेची थोडी ओळख करून घ्यावी. ती तोहो या संस्थेची, ५२ भागांची. तिचा लेखक कोहान कावाउची हा हाकोदाते येथील एका बौद्ध मंदिराच्या घरात जन्मला. ‘चांदण्याचा मुखवटा’ही त्याच्याच लेखणीतून उतरला होता. या मालिकेचा नायक भारतात येतो, देवदत्त नावाच्या वृद्ध योग्याचे शिष्यत्व पत्करतो आणि त्याच्यापासून सात रूपे धारण करण्याची सिद्धी मिळवतो : चंद्र, अग्नी, जल, वनस्पती, सुवर्ण, पृथ्वी आणि सूर्य. जपानी भाषेत आठवड्याच्या सात वारांची नावे याच क्रमाने येतात. रूप पालटताना तो जे शब्द उच्चारतो ते जपानी वळणाने घासलेले असले तरी मुळात संस्कृत आहेत : ‘अनुत्तरा सम्यक्‌ संबोधि’. आणि सिद्धी वापरून झाली की त्याला पाच तास ‘योगनिद्रे’त पाषाणासारखे निश्चल बसून राहावे लागते, त्या अवधीत त्याला कोणीही मारू शकतो. तपाचे बळ खर्च केले की ते पुन्हा मिळवावे लागते, ही कल्पना आपल्या पुराणांच्या श्रोत्याला नवखी वाटेल काय? ज्या देशात सरस्वती ‘बेंझाइतेन’ होऊन आणि गणपती ‘कांगितेन’ होऊन शेकडो वर्षे पूजा घेत आहेत, त्या देशाची गोष्ट आपल्या मुलाला ओळखीची वाटली, तर त्यात धर्मबुडवेपणा कोठे आला?

परकेपणाच्या आरोपाने आपण पूर्वी एकदा काय गमावले, हेही येथे सांगितले पाहिजे. युगो साको या जपानी गृहस्थाने रामायणावर चित्रपट काढण्याचे मनात आणले तेव्हा, १९८३ च्या सुमारास, विश्व हिंदू परिषदेकडून आक्षेप निघाला : रामकथा हा भारताचा ठेवा, परक्याने त्याला हात लावू नये. साको यांनी नाद सोडला नाही. कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांच्या साहाय्याने ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ १९९२ साली पुरा झाला. पण आपल्या घरोघरी तो पोहोचावयास फार काळ लागला; २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या झळाळीने आपल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याची वाखाणणी करण्यात आपल्यातलेच लोक पुढे होते. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत एक पिढी बालपण उलटून गेली. न पाहता केलेल्या निषेधाची किंमत निषेध करणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती मुलांना मोजावी लागते.

दुसरा आरोप अधिक भारी आहे. तो असा की या मालिका कला म्हणूनच हलक्या आहेत, आणि हलक्या वस्तूवर बुद्धी खर्च करणे हा बुद्धीचा अपव्यय होय. यावर आम्ही एवढेच विचारतो : ही मुले नेमके काय बोलतात, हे आपण कधी कान देऊन ऐकले आहे काय? त्यांच्या वादांतील काही मुद्दे आम्ही येथे मांडतो. ते पोरकट आहेत की नाहीत, हे वाचकांनीच ठरवावे.

१९९३ साली अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’ सुरू झाली ती १९९२ च्या ‘झ्युरेंजर’ या जपानी मालिकेतील लढायांवर. अमेरिकन मालिकेत पिवळा वीर ही एक तरुणी आहे. पण झुंज सुरू झाली की गुलाबी पोशाखाला झालर दिसते, पिवळ्याला नाही. का? कारण जपानी मालिकेत पिवळा वीर पुरुष होता. लढाई त्याची आणि चेहरा हिचा. एवढ्याशा झालरीवरून दोन देशांतील दोन कारखान्यांचा सगळा सांधा उघडा पाडणारी नजर आणि जुन्या पोथीतील एका अक्षराच्या वळणावरून प्रक्षेप ओळखणारी नजर, यांत जातीचा फरक नाही. फरक आहे तो विषयाचा.

त्याच ‘झ्युरेंजर’मध्ये हिरवा वीर बुराई हा तांबड्या वीराचा सख्खा थोरला भाऊ आहे. लहानपणीच ताटातूट झालेली, वैराचे बीज मनात घेऊन तो प्रथम भावावरच शस्त्र धरतो. समेट होतो तेव्हा त्याच्या आयुष्याचे मोजके तास उरलेले असतात. काळ थांबलेल्या एका खोलीत तो राहतो, आणि भावाच्या मदतीसाठी बाहेर टाकलेले प्रत्येक पाऊल त्याच्या आयुष्यातून वजा होते. शेवटी तो मरतो. अमेरिकन मालिकेत याच पोशाखातला तरुण मरत नाही. त्याला पुढच्या वर्षी दुसऱ्या मालिकेतला पांढरा पोशाख चढवून पुढे चालवले आहे. आमच्या तरुणांचा वाद असा आहे की, मृत्यू काढून टाकल्याने कथेतून काय निघून गेले? ज्या घरात कर्णाची गोष्ट सांगितली जाते त्या घरातील माणसाला हा प्रश्न हलका वाटावा, याचे आम्हांस नवल वाटते. थोरला भाऊ, विरुद्ध पक्ष, उशिरा उमगलेले नाते, मोजलेले आयुष्य : कर्णाला वाचवून महाभारत सुखान्त केले, तर उरेल काय?

आणखी पाहा. १९९१ च्या ‘जेटमॅन’चा शेवट. वर्षभर राक्षसांशी झुंजून जिवंत राहिलेला एक वीर, मित्राच्या लग्नाला निघाला असता, वाटेत एका य:कश्चित चोराच्या सुऱ्याने मरणाच्या दारी जातो, आणि वधूवरांच्या आनंदात विघ्न नको म्हणून जखम लपवून मंगल कार्यात येऊन बसतो. हा शेवट योग्य की धक्का देण्यासाठी चिकटवलेला, यावर दोन तट आहेत. १९८६ च्या ‘फ्लॅशमॅन’मध्ये लहानपणी परग्रहावर पळवून नेलेली पाच मुले वीस वर्षांनी आईबापांच्या शोधात पृथ्वीवर परततात, पण परक्या हवेवर वाढलेले त्यांचे शरीर आता पृथ्वीलाच सोसवेनासे झालेले असते आणि त्यांना जन्मभूमी सोडून पुन्हा निघावे लागते. नोकरीसाठी, व्यापारासाठी, कारखान्यांतील कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडून सुरतेला आलेल्या आणि सुटीत गावी गेल्यावर दोन आठवड्यांत परक्यासारख्या होऊन परतणाऱ्या आपल्या कुटुंबांतील एखादा तरुण ही कथा पाहून गप्प झाला, तर त्याला पोरकट म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या मनाची तपासणी करावी.

आणि ही मंडळी केवळ स्तुती करतात असेही नाही. पहिल्या तुकडीत पाचांत एकच स्त्री का, १९८१ च्या ‘सन वल्कन’मध्ये तर एकही वीरांगना का नाही, १९८४ च्या ‘बायोमॅन’मध्ये प्रथमच दोन स्त्रिया घेतल्या तेव्हा काय बदलले, ‘बॅटल फीव्हर’मध्ये पाच देशांचे पाच वीर उभे करताना केनियाच्या वाट्याला जंगल आणि जनावरांशी सलगी एवढेच का आले, असे रोखठोक प्रश्न ते विचारतात. गोरेंजरमधील पिवळा वीर करीभात खाण्यात दंग असलेला लठ्ठ विनोदी गडी का केला, हाही प्रश्न त्यांतलाच. ‘रेनबोमॅन’मध्ये भारताचा गौरव आहे म्हणून ते भाळून जात नाहीत, सगळा भारत म्हणजे एक योगी आणि त्याची सिद्धी, हा तरी पुरा भारत आहे काय, असे ते विचारतात. आपल्या देशाची स्तुती ऐकूनही जो डोळे उघडे ठेवतो तो पोरकट नव्हे. परदेशी पाहुण्याने दोन गोड शब्द बोलताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट करणारे आपण वडीलधारे त्याच्याकडून काही शिकलो तर बिघडणार नाही.

आमच्या या कैवाराने तरुण वाचक सुखावले असतील तर त्यांनाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. या रसिकांत एक वर्ग असा आहे की ज्याची सारी टीका राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसली, विमानाची तार दिसली, पडलेली इमारत पुठ्ठ्याची होती, यापलीकडे जात नाही. हा उपहास स्वस्त आहे. १९७५ साली आठवड्याला एक भाग उभा करावयाचा, त्यात मुखवट्यामुळे धड दिसत नाही अशा अवस्थेत नटाने उंचावरून उड्या घ्यावयाच्या, चेहरा झाकलेला असल्यामुळे राग, भीती, दुःख हे सर्व मानेच्या नि खांद्याच्या हालचालीने दाखवावयाचे, हे काम किती अवघड असेल याचा विचार हसणाऱ्याने करावा. शिनिची चिबा या नटाने १९७० मध्ये ‘जपान अॅक्शन क्लब’ काढून असे नट घडवण्याची शाळाच सुरू केली. त्यांतले कित्येक जन्मभर मुखवट्याआड राहिले.

या ठिकाणी आम्हांस आपल्या दशावताराची आठवण होते, आणि ती केवळ अलंकारासाठी होत नाही. सिंधुदुर्गात आणि गोमंतकात देवळांच्या जत्रांतून रात्री उभा राहणारा हा खेळ. काळ्या पोशाखातला, काळ्या मुखवट्याचा संकासुर वेद चोरून नेतो, विष्णू त्याच्याशी झुंजतो. मग आख्यान लागते. एक लाकडी बाकडे : तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. स्त्रीची भूमिका पुरुषाची. संवाद लिहिलेले नाहीत, नट जागच्या जागी रचतो. तेथे बाकडे दिसले म्हणून कोणी हसत नाही. कारण बाकड्याला पर्वत मानण्याचा करार प्रेक्षकाने आधीच केलेला असतो. मुखवटा, रूपपालट, असुराशी झुंज, ठरलेला साचा आणि त्या साच्यात नटाला सापडणारी मोकळीक ही जी सामग्री जपानी मालिकेत आहे ती आपल्या देवळाच्या अंगणात पूर्वापार आहे. ज्या तरुणाने ‘गोरेंजर’चे ८४ भाग मन लावून पाहिले त्याला दशावताराचा करार समजावून सांगावा लागणार नाही. मात्र त्याने तो खेळ निदान एकदा रात्रभर बसून पाहिला पाहिजे, एवढी आमची अट आहे. जपानी वीराच्या पोशाखातील प्रत्येक पट्ट्याचा इतिहास सांगणाऱ्याला संकासुर कोण हे ठाऊक नसावे, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

पण ती लाज त्याची एकट्याची नव्हे. त्याला ते सांगितले कोणी? ज्या पिढीने दशावतार पाहिला, नटांची नावे तोंडपाठ ठेवली, कोणाचा संकासुर सरस यावर रात्री जागवल्या, तिने त्यातले लिहून काय ठेवले? जपानी मालिकेच्या प्रत्येक भागाचा लेखक, दिग्दर्शक, तारीख आज कोणालाही सापडते. आपल्या आजोबांच्या गावी अमुक साली कोणी काय खेळ केला, हे विचारावे तर उत्तर देणारे निघून गेलेले आहेत. परक्यांनी आपली करमणूक जपून ठेवली आणि आपण आपली पूजेतली कला हातची जाऊ दिली, आणि वर मुलांना म्हणतो की तुम्ही परक्याच्या नादी लागलात!

तिसरा आक्षेप आम्ही मान्य करतो, पण त्यावरचा उपाय मान्य करीत नाही. या मालिकांच्या पाठीशी खेळण्यांचा व्यापार आहे. दरवर्षी नवा यंत्रमानव येई तो दुकानात विकावयाचा म्हणूनही येई. त्यात मारामारी आहे, आणि लहान मुले तिचे अनुकरण करतात. हे सर्व खरे. म्हणून बंदी घालावी काय? न्यूझीलंडमध्ये १९९४ साली तक्रारींवरून ‘पॉवर रेंजर्स’चे प्रक्षेपण बंद करण्यात आले; आणि दहा वर्षे होण्यापूर्वीच त्याच देशात त्याच मालिकेचे चित्रीकरण होऊ लागले. बंदीचे हे असे होते. उलट व्यापार कोठे संपतो आणि कथा कोठे सुरू होते, हे ओळखणारा प्रेक्षक एकदा तयार झाला की त्याला फसवणे कठीण. तो प्रेक्षक तयार होतो तो वादातून. मुकाट्याने पाहण्यातून नव्हे, आणि मुकाट्याने न पाहण्यातून तर नव्हेच.

येथवर आम्ही जे लिहिले त्याचे तात्पर्य एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न सुरतेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना इतरांहून अधिक टोचला पाहिजे : ही मुले हे वाद कोणत्या भाषेत घालतात? पॉवर रेंजर्स त्यांना भेटली ती हिंदीत. मूळ मालिका ती पाहतात ती इंग्रजी ओळींवरून. मित्रांशी बोलतात ते गुजरातीत. मराठी आणि कोकणी त्यांच्यापाशी उरते ती जेवणाच्या ताटापुरती, आरतीपुरती आणि आजीच्या प्रकृतीच्या चौकशीपुरती. उधना-लिंबायतच्या वस्त्यांतून खानदेशी मराठीचा आवाज मोठा आहे, महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे. तरीदेखील ज्या गोष्टीवर मुलाचे प्रेम आहे तिच्याविषयी मातृभाषेत चार वाक्ये बोलावीत, असा प्रसंग त्याला घरात लाभत नाही. त्याने तोंड उघडले की आपण ‘पोरखेळ’ म्हणतो. मग तो ते तोंड दुसऱ्या भाषेत उघडतो. भाषा मरते ती परक्यांच्या आक्रमणाने फार थोडी. घरातल्या माणसाने ‘गप्प बैस’ म्हटल्याने फार अधिक. माणूस ज्या भाषेत वाद घालतो तीच त्याच्या बुद्धीची भाषा होते. आरतीची भाषा हृदयात राहील हे खरे, पण केवळ हृदयात राहिलेली भाषा नातवापर्यंत पोहोचत नाही.

आणि वाद घालण्याची परंपरा सुरतेला नवीन आहे काय? २२ जून १८४४ रोजी याच शहरात मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम मेहता तिचे अग्रणी. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते ते दादोबा पांडुरंग, १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण लिहिणारे आपले दादोबा, जे त्या काळी सुरतेत शिक्षक होते. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे आणखी तिघे. पाचांचीही नावे ‘द’ या अक्षरापासून सुरू होतात, म्हणून गुजरातीत त्यांना पाच ‘दद्दा’ म्हणतात. त्या सभेत प्रश्न विचारावयास मुभा होती. मंत्रतंत्राच्या बळावर चमत्कार करतो म्हणणाऱ्यांना तिने जाहीर आव्हान दिले की या, आमच्यासमोर करून दाखवा. वीस वर्षांनी, १८६४ मध्ये, याच शहराच्या कवी नर्मदांनी ‘दांडियो’ काढून ढोंगावर कोरडे ओढले. चमत्कार दिसला की त्यामागची तार कोठे आहे हे विचारणे, आणि तार सापडल्यावरही कथेत काय खरे आहे ते शोधणे, हा सुरतेचा जुना धंदा आहे. आमच्या तरुणांनी त्यात वावगे काही केलेले नाही. त्यांनी केलेली चूक एकच : ते प्रश्न आपल्याला ऐकू येतील अशा भाषेत त्यांनी विचारले नाहीत. आणि त्या चुकीचे धनी आपणच आहोत.

म्हणून देवस्थानांच्या कार्यकारी मंडळांना, महिला मंडळांना आणि उत्सवाच्या व्यवस्थापकांना आमची स्पष्ट सूचना आहे. वर्षाच्या कार्यक्रमात हळदीकुंकू असते, वेशभूषेची स्पर्धा असते, सत्कार असतात, सत्काराला उत्तर देणारी भाषणे असतात. त्यांतल्या एका सत्काराला फाटा द्यावा आणि ती संध्याकाळ या तरुणांच्या हवाली करावी. एका मालिकेचा एक भाग त्यांनी दाखवावा. मग त्यांनी बोलावे, पण मराठीत किंवा कोकणीत. शब्द अडला तर इंग्रजी घ्यावा, त्यावर कोणी नाक मुरडू नये. त्यानंतर ज्यांनी दशावतार पाहिला आहे त्यांनी उठून सांगावे की आमच्या गावचा संकासुर कसा येई, लोक कशाला दाद देत आणि कशाला नाही. बुराई आणि कर्ण यांची तुलना एकाने करावी, दुसऱ्याने ती खोडून काढावी. जे बोलले जाईल ते लिहून ठेवावे, आणि लिहिलेले छापावे. या मासिकाची पाने त्यासाठी मोकळी आहेत, दोन्ही भाषांत.

यावर कोणी म्हणेल, देवळाच्या आवारात जपानी राक्षस कशाला? आमचे उत्तर असे की देवळाच्या आवारात संकासुर शतकानुशतके नाचत आला आहे, आणि त्यामुळे देव बाटलेला आम्ही ऐकला नाही. आवार ओस पडल्याने मात्र तो एकटा पडलेला आम्ही पाहिला आहे.

मूल प्रथम बोलू लागते तेव्हा नावे शिकते. बुद्धी फुटते ती मात्र प्रश्नाने. मराठी घरात ते ‘का?’ म्हणते, कोकणी घरात ‘कित्याक?’ म्हणते. त्या पहिल्या प्रश्नाचे आपण कौतुक केले होते. आता ते पंचविशीचे झाले, आणि पिवळ्या वीराला झालर नाही ती का, थोरला भाऊ मेला तो कित्याक, असे विचारू लागले. प्रश्न तोच आहे. आपण त्याच भाषेत उत्तर द्यावयास बसलो तर तो याच भाषेत पुढे विचारील. न बसलो, तर विचारणे तो सोडणार नाही, आपल्याशी बोलणे सोडील.